नऊ हायड्रोजन बदलले की नवं औषध? सिस्टिक फायब्रोसिसच्या गोळीतलं ड्युटेरियम

पंचवटीची_रसायनवाली

नमस्कार मंडळी. मी नाशिकला एमएस्सी करतेय, ऑरगॅनिक, शेवटचं वर्ष. सेमिनारला सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराची औषधं घेतली आहेत. विषय घेताना वाटलं होतं की जीवशास्त्र पाठ करावं लागेल आणि रसायन नावापुरतं असेल. निघालं उलटंच.

मला कळलंय ते असं. सीएफटीआर हे १४८० अमिनो आम्लांचं प्रथिन पेशीच्या पटलात बसतं आणि क्लोराईडला वाट देतं. त्याचं जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे, ते १९८९ मध्ये सापडलं. सगळ्यात जास्त आढळणाऱ्या दोषात, म्हणजे एफ५०८डेलमध्ये, ५०८ क्रमांकाचं फेनिलॲलनिन गळतं, प्रथिनाची घडी बिघडते आणि पटलापर्यंत पोचण्याआधीच पेशी ते मोडीत काढते. मग छातीत चिकट कफ, स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबलेल्या आणि घाम खारट. घडी सुधारणारी औषधं ती करेक्टर, पटलावर पोचलेली वाहिनी जास्त वेळ उघडी ठेवणारी ती पोटेन्शिएटर. इव्हाकाफ्टर हा पहिला पोटेन्शिएटर, अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झालेला.

अडलंय ते पुढे. डिसेंबर २०२४ मध्ये तिथेच मंजूर झालेल्या ॲलिफट्रेकमध्ये तीन औषधं आहेत: व्हॅन्झाकाफ्टर, टेझाकाफ्टर आणि ड्युटिव्हाकाफ्टर. या तिसऱ्याची रचना कागदावर काढली तर समोर इव्हाकाफ्टरच! फरक एवढाच की एका टर्ट-ब्युटिलवर (एका कार्बनला तीन मिथाइल जोडलेला गट) नऊ हायड्रोजनच्या जागी नऊ ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचेच जड भाऊ. आमच्या विभागातले एक सर म्हणाले, "यात डिझाइन कुठे आहे? पेटंट लांबवायची युक्ती आहे ही. दुसरं उदाहरण घे."

उदाहरण बदलू का? आणि रेणूत दोन टर्ट-ब्युटिल असताना ड्युटेरियम एकावरच का?

नाना_जुने_नाशिक

तुझे सर बरोबर बोलले. जुन्याच गोळीला नवा डगला. पेटंट संपत आलं की हे लोक औषधाचा क्षार बदलतात, स्फटिक बदलतात, आता अणूही बदलायला लागले. रसायन कमी आणि वकिली जास्त.

सातपूरचा_प्रोसेसवाला

नाना, जरा दमानं. आणि पोरी, उदाहरण अजिबात बदलू नकोस.

मी सातपूर एमआयडीसीत प्रोसेस केमिस्ट आहे. आयुष्य रिअॅक्टर, सेंट्रिफ्यूज आणि गुणवत्ता विभागाच्या शेऱ्यांत गेलं. या आजाराच्या औषधावर मी काम केलेलं नाही, पण ड्युटेरियमवाल्या इंटरमिजिएटच्या बॅचेस हाताखालून गेल्यात, त्यामुळे हा विषय मी हौसेनं वाचत असतो.

आधी इव्हाकाफ्टरकडे नीट बघ. एका टोकाला क्विनोलोन, मध्ये अमाइड, दुसऱ्या टोकाला फिनॉल आणि त्याच्यावर दोन टर्ट-ब्युटिल. सुमारे २,२८,००० संयुगं पेशींवर तपासून जी सुरुवातीची रचना मिळाली, ती घासूनपुसून हा रेणू झाला. ते दोन टर्ट-ब्युटिल म्हणजे निव्वळ तेलकटपणा. आणि तो तेलकटपणा लागतोच, कारण हे औषध बसतं पटलाच्या आत, प्रथिन आणि मेद यांच्या सीमेवर. रॉकफेलर विद्यापीठातल्या गटानं २०१९ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं ती जागा दाखवली. पाण्याची आवड असलेला रेणू तिथे टिकणारच नाही.

पण ज्यानं काम साधलं त्यानंच पुढचा ताप दिला. पाण्यातली विद्राव्यता मिलिलिटरला ०.०५ मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी. म्हणजे आमच्या भाषेत वीट. स्फटिक तसाच गोळीत भरला तर पोटातून जसाच्या तसा बाहेर जाईल, म्हणून पॉलिमरसोबत स्प्रे ड्राय करून अस्फटिक रूपात द्यावा लागतो, आणि वर स्निग्ध जेवणासोबत घ्यावा लागतो. एवढी खटपट करून तो रक्तात पोचला की यकृतातलं सीवायपी३ए हे एन्झाइम वाट बघतच बसलेलं असतं. या एन्झाइमला तेलकट रेणू भारी आवडतात.

ते एन्झाइम रेणूला चावतं कुठे, हे तुझ्या सेमिनारचं खरं पान. एन्झाइममधला लोह-ऑक्सिजन टर्ट-ब्युटिलच्या एका मिथाइलमधला हायड्रोजन उचलतो आणि तिथे ओएच बसवतो. हा झाला एम१. तेच टोक आणखी ऑक्सिडाइज होऊन कार्बोक्झिलिक आम्ल झालं की एम६. एम१ची ताकद मूळ औषधाच्या साधारण एक षष्ठांश, एम६ची पन्नासाव्या भागापेक्षाही कमी. म्हणजे चावा पडला की औषध जवळपास वाया. दोन टर्ट-ब्युटिलपैकी हा चावा मुख्यतः पडतो तो फिनॉलच्या ओएचशेजारच्यावर. नऊ ड्युटेरियम नेमके तिथेच आहेत. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. जिथे कोणी चावतच नाही तिथे महागाचं ड्युटेरियम कशाला लावायचं?

आता ड्युटेरियमनं होतं काय? त्याचं वजन हायड्रोजनच्या दुप्पट, त्यामुळे कार्बन-ड्युटेरियम बंधाची शून्यबिंदू ऊर्जा, म्हणजे बंधाकडे कायम असणारी किमान ऊर्जा, खाली असते. म्हणून तो तोडायला मोलला एखादा किलोकॅलरी जास्त लागतो. कागदावर हिशेब केला तर खोलीच्या तापमानाला वेग सहा-सातपटीनं कमी व्हायला हवा. शरीरात मात्र एवढं कधी मिळतं, कधी काहीच मिळत नाही. बंध तुटणं हा सगळ्यात संथ टप्पा नसेल तर फरक झाकला जातो, किंवा एन्झाइम शहाणपणा करून दुसरीकडे चावतं. म्हणून ही युक्ती कोणत्याही औषधाला लावली आणि चालली, असं होत नाही. तिथला चावा हाच औषध जाण्याचा मुख्य रस्ता आहे, हे आधी कळावं लागतं. आकार आणि तेलकटपणा जवळजवळ तेवढाच राहतो, त्यामुळे सीएफटीआरला फरक कळत नाही. एन्झाइमला तेवढा कळतो.

नाना, आता तुमच्या वकिलीकडे येतो. हा रेणू मूळ कंपनीनं केलेलाच नाही. कॉन्सर्ट नावाच्या दुसऱ्या अमेरिकन कंपनीनं तो केला, सीटीपी-६५६ या नावानं. इव्हाकाफ्टरवाल्या व्हर्टेक्सनं २०१७ मध्ये १६ कोटी डॉलर मोजून तो विकत घेतला. नुसता डगलाच हवा असता तर त्यांच्या घरात काय शिंपी नव्हते?

त्यांनी तो घेतला, त्याचं कारण माझ्या मते संध्याकाळची गोळी. २०१९ मध्ये आलेलं ट्रायकाफ्टा बघ: एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर, इव्हाकाफ्टर. पहिली दोन दिवसातून एकदा पुरतात. इव्हाकाफ्टर मात्र दर बारा तासांनी लागतो. म्हणून सकाळी तिघांच्या एकत्र दोन गोळ्या आणि संध्याकाळी एकट्या इव्हाकाफ्टरची तिसरी. त्रिकुटात लंगडा हा एकटाच होता. त्याचा एक टर्ट-ब्युटिल बदलला आणि अख्खं त्रिकूट दिवसातून एकदा घेता यायला लागलं. यालाच मी डिझाइन म्हणतो. रेणू एकटा बघितला तर नऊ अणूंचा फरक दिसतो, त्याचे सोबती बघितले की तो फरक कशासाठी केला ते कळतं.

कॉलेजरोड_काका

केमिस्ट्रीत माझी विकेट बारावीतच पडली, पण संध्याकाळच्या गोळीबद्दल थोडं सांगतो. माझी भाची इंग्लंडमध्ये वाढली, तिला हा आजार आहे. तिकडे ट्रायकाफ्टाच काफ्ट्रिओ नावानं मिळतं, सरकारी आरोग्यसेवेतून. सकाळची गोळी आई समोर उभी राहून देते, त्यामुळे चुकत नाही. संध्याकाळी पोरगी कधी लायब्ररीत, कधी मैत्रिणींबरोबर. गोळी खिशात असते, पण सोबत स्निग्ध काही खायला नसतं. मग "घरी गेल्यावर घेते", आणि घरी जाऊन झोपून जाते. माझी बहीण फोनवर निम्मा वेळ याच तक्रारी करते. तेव्हा नाना, अणू बदलल्यानं बहिणीचा फोन निम्म्यावर येणार असेल तर मला तो अणू मान्य आहे.

नाना_जुने_नाशिक

बरं, सोय झाली हे मान्य. पण सोय म्हणजे गुण नव्हे. फुप्फुसं जास्त सुधारली का? आणि भारतात यावर पेटंट मिळेल का, हेही सांगा प्रोसेसवाले.

सातपूरचा_प्रोसेसवाला

हा प्रश्न कामाचा. ॲलिफट्रेक ट्रायकाफ्टासमोर ठेवून ज्या मोठ्या चाचण्या झाल्या, त्यात फुप्फुसांची क्षमता बरोबरीची राहिली, जास्त सुधारली नाही. घामातलं क्लोराईड मात्र आणखी खाली आलं. निदानाची रेषा लिटरला ६० मिलिमोल. नव्या औषधावर त्या रेषेखाली आलेले सुमारे ८६ टक्के, जुन्यावर ७७. वाहिनी जास्त चालतेय याची ती खूण.

पण त्याचं श्रेय एकट्या ड्युटेरियमला देऊ नका. त्या गोळीतला रसायनदृष्ट्या देखणा रेणू व्हॅन्झाकाफ्टर आहे. एलेक्साकाफ्टरमध्ये जी टोकं मोकळी होती ती इथे साखळीनं जोडून मोठं वलय बंद केलंय, आणि एका टोकाला तीन सदस्यांची वलयं एकाला एक चिकटवलीत. ते बघून पहिल्यांदा मी म्हटलं, हे करायला सांगणाऱ्या माणसानं प्लांट बघितलेला नसणार. मोठ्या माणसाला एलेक्साकाफ्टर दिवसाला २०० मिलिग्रॅम लागायचा, हा २० पुरतो.

कायद्याचं म्हणाल तर आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(ड) आडवं येतं. माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप पेटंटयोग्य नाही, परिणामकारकता वाढल्याचं दाखवावं लागतं. क्षार, एस्टर, स्फटिकरूपं, समघटक, चयापचयातून बनणारे पदार्थ अशी यादी त्यात आहे. समस्थानिकांचा (हायड्रोजन-ड्युटेरियमसारख्या जोड्यांचा) उल्लेख नाही, पण शेवटी "इतर व्युत्पन्नं" असं दार उघडं ठेवलंय. ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधाबद्दलच्या १ एप्रिल २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता, शरीरात औषध जास्त शोषलं जातं एवढ्यानं भागत नाही. मग "रक्तात जास्त वेळ टिकतो" एवढ्याच बळावर ड्युटेरियमवाला रेणू इथे कसा तरेल, याबद्दल मला शंका आहे. म्हणजे नाना, तुमचा मुद्दा न्यायालयात टिकू शकतो. सेमिनारमध्ये टिकणार नाही. एखादी गोष्ट पेटंटयोग्य नसणं आणि तिच्यात डोकं नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लेकीची_आई_नाशिकरोड

तुमची चर्चा वाचतेय. सगळं कळत नाही, पण एम१-एम६ पर्यंत आले.

माझ्या मुलीला हा आजार आहे, आता शाळेत जाते. लहानपणी सारखा खोकला आणि वजन वाढेना, म्हणून एका ठिकाणी टीबीची औषधं सुरू केली होती. घामाची तपासणी नंतर मुंबईला झाली. मी तिची पापी घेतली की ओठ खारट व्हायचे. हे मी तीन डॉक्टरांना सांगितलं, चौथ्यांनी ऐकलं. आता जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल, सलाईनचं नेब्युलायझर, सकाळ-संध्याकाळ पाठीवर थापट्या. एप्रिल-मेच्या उन्हात पाण्यात मीठ घालून देते, शाळेच्या बाटलीतसुद्धा.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. तिच्या जनुक तपासणीत एका बाजूला ते एफ५०८डेल आहे, दुसऱ्या बाजूला दुसरंच काही लिहिलंय. अशांना या गोळ्या चालतात का? आणि पुढे कधी पुन्हा टीबीची औषधं द्यायची वेळ आली तर या टिकाऊ रेणूला काही होणार नाही ना?

फार्मकॉलॉजी_शिकवते

ताई, मी फार्मसी कॉलेजात शिकवते, डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या लेकीचा निर्णय तिचे डॉक्टरच घेतील. पण औषधाच्या अंगानं दोन्हीची उत्तरं देते.

पहिल्याचं उत्तर तुम्हाला आवडेल. ट्रायकाफ्टा असो वा ॲलिफट्रेक, एफ५०८डेलची एक प्रत असली तरी ती पुरते, दुसरी कोणतीही असो. कारण त्या एका प्रतीपासून बनणारं प्रथिन सुधारलं तरी वाहिन्यांची संख्या पुरेशी वाढते. ज्यांच्या दोन्ही प्रतींमध्ये प्रथिन बनणंच मध्ये थांबतं, त्यांना यातलं काही लागू पडत नाही, कारण सुधारायला तिथे प्रथिनच नसतं. आपल्याकडे एफ५०८डेलचं प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा कमी आहे आणि इतर बदलांची विविधता जास्त, म्हणून जनुक तपासणीचा तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन सीवायपी३एचं उत्पादनच वाढवतं. त्याच्यासोबत इव्हाकाफ्टर दिला तर रक्तातली मात्रा सुमारे ८९ टक्क्यांनी घसरते. ड्युटेरियमनं एक-एक चावा हळू होतो खरा, पण चावणारे इतके वाढले की तो हळूपणा कामाला येत नाही. ॲलिफट्रेकसोबतसुद्धा रिफॅम्पिसिन टाळायला सांगितलंय. उलट बाजूनं, ग्रेपफ्रूट हेच एन्झाइम अडवून मात्रा वाढवतं, म्हणून तेही वर्ज्य. बुरशीवरची काही औषधंही तेच करतात, तेव्हा मात्रा कमी करावी लागते. शिवाय या दोन्ही गोळ्यांवर यकृताला इजा होण्याचा ठळक इशारा आहे, सुरुवातीपासून ठरावीक काळानं रक्त तपासावं लागतं. हे औषध कधी सुरू झालं तर कोणतीही नवी चिठ्ठी आधी त्यांना दाखवा, अगदी सर्दीची असली तरी.

लेकीची_आई_नाशिकरोड

ताई, आभार. एका प्रतीचं कोणी असं सरळ सांगितलं नव्हतं. किंमत मी बघितली, तिकडे वर्षाला साडेतीन लाख डॉलरच्या वर. आमचा फ्लॅट आणि त्याचे हप्ते धरून विकला तरी चार महिने निघणार नाहीत. अर्जेंटिनात एक कंपनी ट्रायकाफ्टाची जेनेरिक बनवते, असं आमच्या पालकांच्या गटात कळलं. सातपूरचे दादा, तुमच्याकडे हे बनणार नाही का?

सातपूरचा_प्रोसेसवाला

ताई, बनवता येणं हा प्रश्नच नाही. इव्हाकाफ्टरचा कच्चा माल, २,४-डाय-टर्ट-ब्युटिलफिनॉल, हे टनावारी मिळणारं स्वस्त रसायन आहे, प्लास्टिकच्या अँटिऑक्सिडंटसाठी जातं. फिनॉलचा ओएच झाकायचा, नायट्रेशन, मग नायट्रोचं अमाइन, आणि शेवटी क्विनोलोनच्या आम्लाशी जोडणी. हे नाशिकमधल्या कितीतरी प्लांटना जमेल. अडतंय ते पेटंटपाशी, आणि इथे निदान झालेले रुग्ण कमी दिसत असल्यानं कोणी पुढाकार घेत नाही, त्यापाशी. तुमच्या गटाला सांगेन की मागणी करायची तर ट्रायकाफ्टाची करा. ड्युटेरियमवाल्याच्या मागे लागू नका. संध्याकाळची एक गोळी जास्त, पण फुप्फुसाचा गुण तोच आणि रेणू बनवायला सोपा.

पंचवटीची_रसायनवाली

सर, मग ड्युटेरियमवाला बनवायला अवघड का? तेच डाय-टर्ट-ब्युटिलफिनॉल ड्युटेरियमचं घेता येणार नाही? आणि झालं ते खरंच झालं, हे तपासायचं कसं? (उदाहरण बदलत नाहीये.)

सातपूरचा_प्रोसेसवाला

शाब्बास.

बाजारातल्या त्या फिनॉलमध्ये दोन्ही टर्ट-ब्युटिल सारखेच असतात. तुला एकच ड्युटेरियमचा हवाय, म्हणजे ती स्वस्ताई गेली. मी असतो तर पॅरा जागेवर (ओएचच्या समोर) साधा टर्ट-ब्युटिल असलेला फिनॉल घेऊन ऑर्थोला (ओएचच्या शेजारी) ड्युटेरियमवाला बसवला असता. तिथे आम्ल जास्त झालं किंवा तापमान चढलं की टर्ट-ब्युटिल गळतात, जागा बदलतात. एरवी असं झालं तर उत्पादन घटतं एवढंच, इथे ड्युटेरियमवाला पॅराला आणि साधा ऑर्थोला अशी अदलाबदल होऊ शकते, आणि वजन तेच राहत असल्यानं रेणूचं वजन मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर ते पकडणार नाही. कार्बनवर बसलेलं ड्युटेरियम स्वतः मात्र पाण्याशी अदलाबदल करत नाही, ती भीती ओएच आणि एनएचला.

तपासायचं असं. प्रोटॉन एनएमआर हे यंत्र रेणूतले हायड्रोजन दाखवतं; साध्या इव्हाकाफ्टरच्या आलेखात १.४ पीपीएमच्या आसपास नऊ-नऊ हायड्रोजनचे दोन सिंग्लेट, म्हणजे एकेरी सुळके, दिसतात. तुझ्या रेणूत त्यातला एक गायब हवा, दुसरा पूर्ण नऊचा. गायब झालेल्या जागी बारीकसा उंचवटा दिसला तर अदलाबदल झालीय किंवा ड्युटेरियम अपुरं आहे. मासमध्ये रेणुभार ३९२.५ वरून ४०१.५ ला सरकतो. आठच ड्युटेरियम असलेली भेसळ एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र) बहुधा त्याच पीकखाली लपते, त्यासाठी मास हवाच. या एकाच रेणूला दोन्ही यंत्रं का लागतात, हे फळ्यावर दाखव, तुझे सर त्यावर नक्की प्रश्न विचारतील.

आणि ड्युटेरियम येतं कुठून, असं विचारलं तर लांब जाऊ नकोस. अलिबागजवळ थळला जड पाण्याचा, म्हणजे ड्युटेरियमवाल्या पाण्याचा, सरकारी कारखाना आहे, आरसीएफच्या खत कारखान्यातल्या वायूवर चालणारा. अणुभट्ट्यांसाठी उभारलेला, पण जड पाणी मंडळ आता औषधवाल्यांकडेही बघतंय. ड्युटेरियम असलेलं पहिलं औषध, ड्युटेट्राबेनाझिन, अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालं, तेही एका स्लाइडवर घे. जमलं तर शेजारी टेझाकाफ्टर ठेव: त्याच्या बेन्झोडायऑक्सोलमध्ये दोन ऑक्सिजनच्या मधल्या कार्बनवर दोन फ्लोरीन बसवलेत, तिथला चावा पूर्ण बंद करायला. ड्युटेरियम चावा हळू करतं, फ्लोरीन जागाच काढून घेतं, पण फ्लोरीननं रेणूचा स्वभाव बदलतो. इव्हाकाफ्टरच्या त्या टर्ट-ब्युटिलवर फ्लोरीन का नको, हा प्रश्न सरांच्या आधी तूच विचार.